पन्हाळा रस्त्यावरील रोपवाटिका : रोपे जोमदार, पाट्या बेभरवशाच्या

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका रोपवाटिकेतून तीन वर्षांपूर्वी, मृगाच्या तोंडावर, मी दक्षिण अमेरिकेतील फळझाडांची तीन रोपे आणली : दोन जाबोटिकाबा आणि एक आबियू. रोपांच्या प्रकृतीबद्दल माझी तक्रार नाही. मुळे पिशवीत गोल वळलेली नव्हती, पानांवर कीड नव्हती आणि पिशव्यांत तांबडी माती भरलेली होती. हे महत्त्वाचे, कारण ब्राझीलच्या जाबोटिकाबाला किंचित आम्ल माती मानवते. नदीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचे जड पाणी घातल्याने माझ्या एका रोपाचे नेमके हेच झाले. तो दोष सर्वस्वी माझा. चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) दिल्यावर आणि पागोळ्यांचे पाणी साठवून घालू लागल्यावर नवी पालवी हिरवी आली.

खरी अडचण पाट्यांची आहे. आबियू, म्हणजे पाउटेरिया कैमिटो, हे ॲमेझॉन खोऱ्यातील झाड चिकूच्या कुळातले. त्याचे पान तोडले की चीक यायलाच हवा आणि पाने फांदीवर एकाआड एक असायला हवीत. मला मिळालेल्या रोपाची पाने जोडीने समोरासमोर होती, चिकाचा थेंबही नव्हता, आणि पान चोळले की राळेसारखा उग्र वास येत असे. तांबूस पालवी पाहून मला पिटांगाची, म्हणजे युजेनिया युनिफ्लोराची, शंका आली होती. गेल्या वर्षी छोट्या भोपळ्यासारखी खाचदार लाल फळे धरली तेव्हा ती खरी ठरली. (हे फळ अर्धवट पिकलेले असताना टर्पेंटाइनसारखे लागते, ते गडद होऊन हात लावताच सुटेपर्यंत थांबावे.)

फळांसह फांदी घेऊन गेलो, तेव्हा तेथील मामांनी हुज्जत घातली नाही. “पाहुणं, पाटी चुकलीया, झाड न्हाई,” असे म्हणत त्यांनी एका रोपाचे पान मोडून पांढरा चीक दाखविला आणि ते रोप बदली दिले.

जाबोटिकाबाच्या बाबतीत मात्र समाधान झाले नाही. ‘कलमी, तीन वर्षांत फळ’ असे सांगून रोपामागे 900 रुपये घेतले होते; प्रत्यक्षात खोडावर कलमाचा सांधा कोठेही नाही. संकरित लाल जाबोटिकाबा लवकर फळते, पण साध्या जातीचे बियांपासून वाढविलेले झाड फळायला बहुधा आठ वर्षांहून अधिक काळ घेते. फणसासारखी थेट खोडाला लगडणारी ती काळी फळे पाहायला मला अजून बरीच वर्षे थांबावे लागणार. कलमाच्या दरातील फरक मागितला, तर पैशांऐवजी गांडूळखताची दोन पोती मिळाली. खत उत्तम आहे.