सेल्टा कोर्स: चाळिशीनंतर करावा का? (परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी)

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बावीस-तेवीस वर्षांचं, पाठीवर सॅक अडकवलेलं पोरगंच येतं. कॉलेज संपलं, वर्षभर फिरायचं, खर्च निघावा म्हणून जरा शिकवायचं. त्यामुळे पस्तिशी-चाळिशी-पन्नाशीतली माणसं चौकशी करताना फी, व्हिसा सगळं नंतर विचारतात, पहिला प्रश्न हाच की आता आपलं वय राहिलंय का. मी सेल्टा केला तोच चाळिशी उलटल्यावर, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम वयाच्या अंगाने लिहितेय, कोर्स कसा आहे ते त्यात येईलच.

आधी थोडक्यात माहिती. सेल्टा म्हणजे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं केंब्रिजचं सर्टिफिकेट. फुल-टाइम केलात तर चार-पाच आठवडे, पार्ट-टाइम केलात तर काही महिने, ऑनलाइनही होतो. किमान वय 18, वरची मर्यादा नाहीच. मातृभाषा इंग्रजीच पाहिजे असंही नाही, पण इंग्रजी चांगलं पक्कं लागतं, प्रवेशाआधी एक लेखी टास्क देतात आणि इंटरव्ह्यू घेतात त्यात ते बरोबर कळतं त्यांना. कमीत कमी 120 तासांचं काम, त्यातले 6 तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवायचं, 6 तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, शिवाय चार लेखी असाइनमेंट. शेवटी परीक्षा नसते, रोजच्या कामावरच पास, पास बी, पास ए ठरतं, आणि नापासही करतात. एकदा मिळालं की सर्टिफिकेटची मुदत संपत नाही, हे वय जास्त असलेल्यांनी लक्षात ठेवा, आज करून पाच वर्षांनी नोकरी सोडून गेलात तरी चालतं.

आता वय. आमच्या बॅचला नुकती डिग्री घेतलेली मुलं होती, तिशीतला एक नोकरीला कंटाळलेला इंजिनियर होता, मुलं मोठी झाल्यावर आता स्वतःचं काहीतरी करू म्हणून आलेल्या दोघी होत्या आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. काकांचा पहिला वर्ग मला अजून आठवतो. प्रेझेंट परफेक्ट शिकवायचा होता, त्यांनी बोर्डवर ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ लिहिलं आणि मग नियम सांगायला जे सुरू झाले ते थांबेचनात, समोरचे विद्यार्थी माना डोलवतायत पण कोणाच्या डोक्यात काही शिरत नाहीये हे मागे बसलेल्या आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. फीडबॅकला ट्रेनर बाईंनी एवढंच सांगितलं की समजावू नका, विचारा. किल्ल्या आत्ता त्याच्याकडे आहेत का? नाहीत. कधी हरवल्या हे आपल्याला माहितीये का? नाही. ते इथे महत्त्वाचं आहे का? नाही. झालं, अर्थ पोचला.

पुढच्या वर्गात काकांनी प्रश्न विचारला आणि गप्प उभे राहिले. खरंच गप्प. वर्गात शांतता पसरली, आमच्यातली तरुण मुलं अशा वेळी घाबरून स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात, काका हलले नाहीत, आणि मग मागच्या रांगेतली एक अजिबात न बोलणारी बाई हळूच उत्तर देऊन गेली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण वय वाढलं की नवीन सवय लागायला वेळ लागतो हे खरंच आहे, पण समोरच्याला वेळ द्यायची जी ताकद असते ती वयानेच येते, आणि मोठ्यांच्या वर्गात बसलेले विद्यार्थी स्वतः नोकरदार, पोराबाळांचे असतात, त्यांना चुकायची लाज फार असते, तिथे सावकाश माणूस हवाच असतो.

तरुणांचंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. लेसन प्लॅन भराभर करतात, रात्री दोनपर्यंत जागून सकाळी टवटवीत, खेळ-बिळ घ्यायला लाजत नाहीत, आणि फीडबॅक ऐकून दुसऱ्याच दिवशी बदलतात. फुल-टाइम कोर्सचा वेग भयंकर आहे, दिवसभर कोर्स, संध्याकाळी उद्याचा प्लॅन, मध्येच असाइनमेंट. तिथे पंचविशीवाल्यांना फायदा होतो, यात शंका नाही.

म्हणजे कोर्स वय बघत नाही, आणि हेच मला त्याचं सगळ्यात आवडलं. ट्रेनरनी वीस वर्षांच्या पोरीला आणि साठीच्या काकांना एकाच मापाने मोजलं.

कोर्स संपल्यावर मात्र बाहेरचं जग वय बघतं, आणि आमच्या सेंटरने इथे मार खाल्ला. शेवटच्या आठवड्यात नोकरीबद्दल एक सेशन होतं, ते पूर्णपणे पंचविशीतल्या माणसाला समोर धरून घेतलेलं. कुठे कोणत्या वयाला काय चालतं हे विचारल्यावर ‘डिपेंड्स’ एवढंच उत्तर मिळालं. फी एवढी घेता तर हे सांगायला नको का? मग मी स्वतःच खोदून काढलं, ते इथे देते.

दक्षिण कोरियाचा एपिक, म्हणजे सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमायचा सरकारी कार्यक्रम, 62 च्या आतल्यांना घेतो, कारण तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांचं निवृत्तीचं वयच 62 आहे. चीनमध्ये वर्क परमिटला साधारण 60 ची रेघ असते, आणि डिग्रीबरोबर दोन वर्षांचा अनुभव किंवा असं सर्टिफिकेट मागतात. जपानचा जेट कार्यक्रम, म्हणजे मुख्यतः शाळांमध्ये इंग्रजीला मदत करायला परदेशी माणसं बोलावतात तो, 1987 पासून चालू आहे, त्यात एके काळी ‘शक्यतो 40 च्या आत’ अशी अट होती ती काढून टाकली, तरी जाणारे बहुतेक नुकते ग्रॅज्युएट झालेलेच असतात, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजीच्या तासाला मदतीला अमेरिकन असिस्टंट घेतात त्याला 20 ते 35 अशी सरळ चौकट आहे. उलट अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेला, जी 1961 पासून आहे आणि बरेच स्वयंसेवक इंग्रजी शिकवायलाच पाठवते, किमान 18 सोडून वरची मर्यादा नाही. वर्किंग हॉलिडे व्हिसा, म्हणजे फिरता फिरता काम करू देणारा, तर बहुतेक ठिकाणी 30 किंवा 35 लाच संपतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट कोणत्या देशाचा हेही बघतात, तेव्हा वयात बसलात म्हणजे काम झालं असं समजू नका, दोन्ही अटी एकत्र वाचा.

तर सॅकवालं पोरगं दिसतं ते काही खोटं नाही, पण ते दिसतं कारण असिस्टंटच्या नोकऱ्या, वर्किंग हॉलिडे, लहान मुलांच्या खाजगी शाळा ही सगळी दारं त्याच्यासाठीच बनवलेली आहेत. ज्या कामाला मास्टर्स आणि काही वर्षांचा अनुभव मागतात, युनिव्हर्सिटीतलं, आखातातलं, कंपन्यांमध्ये बिझनेस इंग्लिशचं, तिथे पस्तिशी ते पन्नाशीचीच माणसं भेटतात, घरदार घेऊन गेलेली. आणि हे काही आजचंही नाही. 1862 साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाने आपल्या बायका-मुलांना इंग्रजी शिकवायला ॲना लिओनोवेन्सला बोलावलं तेव्हा ती तिशीची विधवा होती आणि लहान मुलाला बरोबर घेऊन गेली होती.

एजन्सीवाल्यांपासून मात्र सांभाळा. एका एजन्सीने माझा सगळा बायोडेटा बघून फक्त ‘जरा जुना फोटो आहे का, तरुणपणीचा?’ असं विचारलं. मी तिथेच फोन ठेवला. पूर्व आशियातल्या बऱ्याच नोकऱ्यांना अर्जासोबत फोटो मागतात, ओळख करून देणारा व्हिडिओही मागतात, त्यात वय लपवायचं कारणच नाही, ज्या शाळेला बालवाडीत गाणी म्हणत उड्या मारणारं कोणी पाहिजे ती शाळा आपली नव्हेच. मी पुढे प्रौढांचे वर्ग आणि परीक्षेची तयारी एवढंच शोधलं आणि तिथे वयाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, उलट इंटरव्ह्यूला सगळा वेळ मागच्या नोकरीतल्या अनुभवाबद्दलच विचारत होते.

स्वस्तातल्या ऑनलाइन सर्टिफिकेटबद्दल बरेच जण विचारतात. 120 तास असं त्यावरही लिहिलेलं असतं, पण बऱ्याच कोर्सात खऱ्या विद्यार्थ्यासमोर एक मिनिटही उभं राहायचं नसतं. बाविशीच्या मुलाला तेवढ्यावर पहिली नोकरी मिळूनही जाते. आपलं तसं नाही, आपल्याला वर्गात शिकवताना कोणीतरी बघितलंय याचा पुरावा जास्त उपयोगी पडतो, म्हणून पैसे घालायचेच असतील तर सेल्टामध्ये किंवा त्याच तोलाच्या ट्रिनिटीच्या सर्टटेसॉलमध्ये घाला.

माझ्याकडून कोर्सला पाचपैकी साडेचार, आमच्या सेंटरच्या नोकरीच्या मदतीला एक. पन्नाशीच्या पुढे असाल, किंवा घरी कोणाचं करावं लागत असेल, तर सरळ पार्ट-टाइम बॅच घ्या, सर्टिफिकेट तेच मिळतं आणि त्यावर फुल-टाइम की पार्ट-टाइम याचा भेद नसतो. प्रवेशाच्या इंटरव्ह्यूआधी काळांचं व्याकरण एकदा नीट चाळून घ्या आणि प्रिंटरला शाई भरून ठेवा, हँडआउट फार काढावे लागतात.