टोनी हॉक्स प्रो स्केटर २ : प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट की निन्टेन्डो ६४?

'टोनी हॉक्स प्रो स्केटर २' हा स्केटबोर्डचा व्हिडिओ गेम मूळ कन्सोलवरच खेळायचा, असे तुम्ही ठरवले असेल तर निवड तिघांत आहे: सोनीचा पहिला प्लेस्टेशन, सेगाचा ड्रीमकास्ट आणि निन्टेन्डो ६४. संगणकासाठीची आवृत्तीही २००० सालचीच आहे आणि माझी या खेळाशी पहिली ओळख कळफलकावर झाली. पण ज्याला कंट्रोलर हातात धरूनच खेळायचे आहे, त्याच्या दृष्टीने ती इथे गैरलागू आहे. गेल्या काही वर्षांत मी हे तीनही कन्सोल जुन्या वस्तूंच्या बाजारातून एकेक करून घेतले, आलटून पालटून टीव्हीला लावले, आणि अखेर त्यांतला एकच कायमचा जोडलेला राहिला. त्यामुळे पुढचे लिखाण अगदी तटस्थ असेल असा माझा दावा नाही. मात्र उरलेल्या दोघांवरही मी मनापासून खेळलो आहे, आणि त्यांचे जे चांगले आहे ते माझ्या आवडीपायी झाकले जाऊ नये याची काळजी घेतो आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्यावर उभा आहे. हा खेळ नेव्हरसॉफ्ट या कंपनीने प्लेस्टेशनसाठी घडवला आणि तो सप्टेंबर २००० मध्ये आला. ड्रीमकास्टची आवृत्ती ट्रेयार्कने केली, ती त्याच वर्षी काही आठवड्यांनी आली. निन्टेन्डो ६४ ची एज ऑफ रिॲलिटीने केली आणि तिला २००१ साल उजाडले. याचा अर्थ असा की कोणती हालचाल कोणत्या बटणावर असावी, अंगठा कुठून कुठे जावा, हे सगळे आधी प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ठरले आणि मग बाकीच्यांवर बसवले गेले. चित्राच्या बाबतीत नंतर आलेल्याला फायदा मिळू शकतो. हाताच्या बाबतीत तो मिळतोच असे नाही.

निन्टेन्डो ६४ बद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. कार्ट्रिजमुळे खेळ झटकन सुरू होतो, शाळेच्या पातळीतून न्यूयॉर्कच्या किंवा मार्सेलच्या पातळीत जाताना ताटकळावे लागत नाही, आणि लहान मुलांच्या हातात सीडीपेक्षा कार्ट्रिज देणे केव्हाही बरे. पण त्याच कार्ट्रिजमध्ये जागा कमी असल्याने संगीताला कात्री लागली आहे, आणि करिअर पूर्ण केल्यावर बक्षीस म्हणून दिसणाऱ्या स्केटरांच्या चित्रफिती त्यात नाहीत. ज्याने दोन मिनिटांची फेरी त्या पंक आणि हिप-हॉपच्या तालावर खेळलेली आहे, त्याला ही उणीव पहिल्या पाच मिनिटांतच जाणवेल. शिवाय या कन्सोलच्या कंट्रोलरची मधली काठी वापराने झिजते आणि सैल होते. मला मिळालेल्या दोन्ही कंट्रोलरांच्या काठ्या हलक्या धक्क्यानेही एका बाजूला कलंडत होत्या. डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या फुलीसारख्या बटणावर, खेळता येते आणि मी तसाच खेळलो. घरात निन्टेन्डो ६४ आधीपासून असेल तर कार्ट्रिज जरूर घ्यावे. पण केवळ या खेळासाठी तो कन्सोल विकत घ्यावा, असे मी कोणाला सुचवणार नाही.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे, आणि पहिल्या संध्याकाळी ड्रीमकास्टच जिंकतो हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. मी तो लावला तेव्हा 'हँगर' या पहिल्याच पातळीत काही क्षण नुसता उभा राहून भिंती पाहत होतो. प्लेस्टेशनवर ज्या भिंती कॅमेरा वळला की थरथरतात आणि ज्यांच्यावरचे पट्टे वाकडेतिकडे होतात, त्या इथे स्थिर आणि रेखीव होत्या. स्केटरचा चेहरा ओळखू येत होता. हालचाल इतकी सलग होती की हाफपाइपच्या (अर्ध्या नळीसारख्या उताराच्या) कडेवरून वर उडताना वेगाचा अंदाज अधिक नेमका येत होता. व्हेनिस बीचवर लांबचा कठडा आधीच दिसतो, त्यामुळे कुठून वळायचे हे वेळेवर ठरवता येते. प्लेस्टेशनवर तोच कठडा बराच जवळ येईपर्यंत करड्या ठिपक्यांत हरवलेला असतो. दोघांनी पडदा वाटून खेळताना हा फरक आणखी वाढतो, कारण अर्ध्या पडद्यावर प्लेस्टेशनचे चित्र फारच भरड दिसते. डोळ्यांना जे महत्त्व देतात त्यांनी इथेच थांबून ड्रीमकास्ट घेतला, तर तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

माझा निर्णय फिरला तो मात्र एका छोट्या खटकणाऱ्या गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे ड्रीमकास्टच्या कंट्रोलरवरचा डी-पॅड.

या दुसऱ्या भागात 'मॅन्युअल' नव्याने आला. पुढची चाके उचलून नुसत्या मागच्या चाकांवर तोल सांभाळत जायचे, एवढीच ती करामत. पण तिच्यामुळे खेळाचा सगळा हिशेबच बदलला. १९९९ च्या पहिल्या भागात एक ग्राइंड (कठड्यावरून बोर्ड घासत नेणे) संपून चाके जमिनीला लागली की करामतींची साखळी, म्हणजे कॉम्बो, तुटत असे. आता जमिनीला टेकता टेकता मॅन्युअल धरला की साखळी चालू राहते, पुढच्या कठड्यापर्यंत नेता येते, आणि प्रत्येक नव्या करामतीगणिक गुणक वाढत जातो. तिसऱ्या भागात उतारावरून खाली आल्यावर साखळी जोडणारा 'रिव्हर्ट' आला, पण इथे तो नाही. म्हणून या खेळात मोठे गुण मिळवायचे तर मॅन्युअलला पर्याय नाही. आणि तो मिळतो कसा, तर हवेत असताना, जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी, वर आणि मग खाली असे झटक्यात दाबून. नोज मॅन्युअलसाठी याच्या उलट, आधी खाली आणि मग वर. एका फेरीत हे पंधरा-वीस वेळा करावे लागते.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर डी-पॅड डाव्या अंगठ्याच्या सहज टप्प्यात, वरच्या जागी आहे. चारही बाणांची टोके वेगळी जाणवतात आणि मध्ये किंचित खोलगट जागा आहे. अंगठा त्या खोलगट जागेत टेकवून ठेवायचा आणि नुसता पुढे-मागे डोलवायचा. वर लागते, खाली लागते, आणि अंगठ्याला जागा सोडावी लागत नाही. ड्रीमकास्टवर वरची जागा ॲनालॉग काठीने घेतली आहे आणि डी-पॅड तिच्या खाली गेला आहे. त्यामुळे अंगठा आत वळवून खाली न्यावा लागतो, आणि तिथे उंच, कडक, टोकदार कडांची अखंड फुली आहे. वरून खाली जाताना अंगठा तिच्या मधल्या उंचवट्यावरून घासत जातो. त्यात तो जरासा तिरका गेला की खालीऐवजी खाली-डावे लागते, मॅन्युअल बसत नाही आणि कॉम्बो तिथेच संपतो.

'स्कूल २' मध्ये पायऱ्यांच्या कठड्यांवरून एकामागून एक ग्राइंड करत खाली उतरताना हे मला पुन्हा पुन्हा भोगावे लागले. पहिला ग्राइंड, त्यातून किकफ्लिप (पायाने बोर्ड हवेत फिरवण्याची करामत) मारून बाहेर, खाली टेकताना मॅन्युअल आणि तसेच पुढच्या कठड्याकडे, हा क्रम प्लेस्टेशनवर माझ्या हाताला इतका बसला आहे की मी तो पडद्याकडे अर्धवट पाहतही करतो. ड्रीमकास्टवर एका रविवारी सबंध संध्याकाळ मी हाच क्रम करत बसलो. जमला, पण दर वेळी नाही. आणि का चुकला हे कळत नसल्याने सुधारताही येत नव्हते. उठलो तेव्हा डाव्या अंगठ्याच्या पेरावर त्या फुलीच्या कडेचा लाल वळ उमटला होता. दुसऱ्या दिवशी मी दुसरा कंट्रोलर मिळवून पाहिला, न जाणो पहिलाच बिघडलेला असेल म्हणून. त्याचेही तेच झाले.

यावर काठीने खेळा असा सल्ला मिळतो, आणि तो चुकीचा नाही. काठीवर वर-खाली करणे अंगठ्याला सुखाचे आहे. पण या खेळात दिशा नुसती वळण्यासाठी नसते: डावीकडे दाबून फ्लिपचे बटण दाबले तर किकफ्लिप, उजवीकडे दाबले तर हीलफ्लिप, आणि तिरक्या दिशांना पुन्हा वेगळ्याच करामती असतात. काठी नेमकी आडवी गेली की किंचित तिरकी, हे बोटांना पुरेसे कळत नाही आणि हव्या त्या करामतीऐवजी शेजारची येते. ज्याच्या नावाचा हा खेळ आहे त्या स्केटबोर्डपटू टोनी हॉकचा 'नऊशे' घ्या. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्समध्ये त्याने अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर अडीच गिरक्यांची ती उडी पुरी केली, आणि खेळात ती मूळ मांडणीप्रमाणे उजवी, खाली आणि ग्रॅबचे (बोर्ड हाताने पकडण्याचे) बटण अशी लागते. काठीने उजवीकडून खाली येताना वाटेत तिरकी दिशा लागतेच. डी-पॅडवर मात्र ती दोन स्वच्छ टकटकींत येते. त्यात प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला वरच्या कडेवर चार बटणे आहेत आणि ड्रीमकास्टला दोनच लांब खोलीचे ट्रिगर. तेव्हा गिरकी घेण्याचे आणि पवित्रा बदलण्याचे काम त्याच दोघांवर पडते. याची सवय होते, हे मात्र कबूल करतो. डी-पॅडची मला झाली नाही. ज्यांचे हात मोठे आहेत किंवा जे ड्रीमकास्टवरच लहानाचे मोठे झाले, त्यांचा अनुभव निराळा असू शकेल.

प्लेस्टेशनच्या उणिवा मी लपवणार नाही. चित्र थरथरते, पातळी उघडायला वेळ लागतो, आणि जुन्या राखाडी यंत्रांतली लेझर झिजली की सीडी अडखळू लागते. अशी यंत्रे उलटी ठेवून चालवण्याचा जुना उपाय आपल्याकडेही अनेकांना आठवत असेल. पण फेरी सुरू झाली की दहा सेकंदांत डोळे त्या चित्राला सरावतात. अंगठ्याचे तसे होत नाही, निदान माझ्या तरी झाले नाही. एरवी ड्रीमकास्टच्या बाजूने एक छोटी भर घालायची तर त्याच्या मेमरी कार्डाला स्वतःचा पडदा आहे, पण त्यातल्या बटणासारख्या बॅटऱ्या संपल्या की यंत्र सुरू करताना ते दर वेळी कर्कश वाजते.

घरी मित्र जमणार असतील तर 'हॉर्स' हा प्रकार दोन्हीकडे सारखाच रंगतो. हरणाऱ्याला एकेक अक्षर मिळत जाते आणि तो शब्द आपल्याला बदलता येतो. आम्ही तिथे रोमन अक्षरांत 'गाढव' लिहून ठेवतो, आणि नव्याने आलेल्या पाहुण्याला खेळ समजावायला तेवढे पुरते.

विकत घेताना भारतात विजेचा प्रश्न आधी पाहावा. अमेरिकेतून आणलेला मोठा राखाडी प्लेस्टेशन किंवा ड्रीमकास्ट ११०-१२० व्होल्टचा असतो आणि तो थेट आपल्या सॉकेटला लावला तर जळतो. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. २००० साली आलेला छोटा पांढरा पीएस वन या बाबतीत सोयीचा, कारण त्याला बाहेरून साडेसात व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो आणि तेवढ्या व्होल्टचा, दोन अँपिअरचा, योग्य पिनचा इथला ॲडॉप्टर चालतो. यंत्र आणि सीडी विक्रीच्या एकाच प्रदेशाची (अमेरिका, युरोप किंवा जपान) असावी. माझा कौल अमेरिकी जोडीला आहे, कारण प्लेस्टेशनच्या युरोपीय आवृत्त्या सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रांच्या हिशेबाने चालतात आणि त्या पद्धतीचे अनेक खेळ मंदावलेले वाटतात.

आणि नवे यंत्र घ्यायचेच नसेल तर कपाटातला प्लेस्टेशन २ काढावा. त्याच्या प्रदेशाची सीडी त्यात चालते, कंट्रोलरचा डी-पॅड त्याच वळणाचा आहे, आणि मेनूत चित्र थोडे गुळगुळीत करण्याची सोयही आहे. फक्त खेळ जतन करण्यासाठी पहिल्या प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड वेगळे आणावे लागते. प्लेस्टेशन २ च्या कार्डावर तो जतन होत नाही, हे मला मार्सेलची स्पर्धा जिंकल्यावर समजले. सीडी घेताना ती उलटी करून पाहावी. मूळ प्लेस्टेशनच्या सीडीची खालची बाजू काळी असते; चंदेरी किंवा निळसर दिसली तर ती कॉपी आहे, आणि मूळ सीडीच्या किमतीला ती घेऊ नये.