मातीची गव्हाण, अकरा मूर्ती: घ्यावी का?

यंदा नाताळसाठी जालन्यातल्या एका कुंभारकाम करणाऱ्या दुकानातून येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा घेतला. ८५० रुपये, अकरा मूर्ती. प्लास्टिकचा चकचकीत संच निम्म्या किमतीत मिळत होता, पण मन याच्यावरच बसलं.

कारण गव्हाण. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं, एवढंच येतं. आमच्या गावाकडच्या गोठ्यात वाढलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. बैलांच्या तोंडाने कडा गुळगुळीत झालेल्या, तळाशी कडब्याचा चुरा. या कारागिराने कडा तशाच घासून गोल केल्यात. मी हात फिरवला आणि डोळे भरून आले. देव जनावरांच्या ताटात निजला, हे इतक्या जवळून कधी जाणवलं नव्हतं.

मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी आहे, फार आवडलं. आनंदाची बातमी आधी रात्री राखण करणाऱ्या त्यांनाच कळली ना!

मागी लोक, म्हणजे बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन दिलेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा आकडा नाही, भेटवस्तू तीन आहेत. शिवाय ते गव्हाणीपाशी नाही, घरात आले असं लिहिलंय, म्हणजे नंतर पोचले असावेत, म्हणून मी त्यांना थोडं लांब, खिडकीत ठेवलं. नात रोज त्यांना एक वीत पुढे सरकवते.

तक्रार एकच. गाढवाचा कान पेटीतच तुटला होता. पॅकिंगला नुसता वर्तमानपत्राचा कागद, भुसा तरी भरायचा. दुकानदाराने दुसरं गाढव लगेच दिलं. रंग कच्चा आहे, ओल्या फडक्याने पुसू नका.