डिस्क घेताना जीबी कुठलं धरायचं: हजाराचं की १०२४चं?

आखाजीच्या लग्नसराईत चोपड्याचा एक फोटोग्राफर भाऊ नवी १ टीबीची हार्डडिस्क घेऊन आला. विंडोजवर ९५० जीबी दिसणारं शूटिंग तिच्यात मावेना. डिस्क ९३१ जीबीच दाखवत होती. "दुकानदारानं फसवलं," तो म्हणाला. मी प्रॉपर्टीज उघडून दाखवलं. एकाच ओळीत दोन आकडे होते: डावीकडे एक लाख कोटीहून थोडे जास्त बाइट, उजवीकडे ९३१ जीबी. माल पुरता होता, मापं दोन होती.

कापसाचंही आपल्याकडे असंच. शेतकरी क्विंटलवर बोलतो, रुईचा भाव मात्र खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर निघतो. पण तिथं नावं तरी वेगळी आहेत.

डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड बनवणाऱ्या कंपन्या हजारानं मोजतात: १ जीबी (गिगाबाइट) म्हणजे १०० कोटी बाइट, १ टीबी (टेराबाइट) म्हणजे १००० जीबी. हिशेब तोंडी होतो. मॅकही २००९पासून असंच दाखवतो. दुसरं माप १०२४चं, त्यात १,०७,३७,४१,८२४ बाइट. रॅम याच मापानं येते, कारण तिच्यातले पत्ते, म्हणजे माहिती ठेवायच्या जागांचे क्रमांक, दर पायरीला दुप्पट होत वाढतात. या मापाला आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९८मध्ये 'गिबीबाइट' असं स्वतंत्र नाव दिलं. विंडोज मात्र मोजतं गिबीत आणि लिहितं जीबी. सगळी गफलत इथंच होते, आणि गिऱ्हाईक उगाच दुकानदाराशी भांडतं.

किलोबाइटला हा फरक जेमतेम २.४ टक्के होता, कुणाला जाणवायचाही नाही. गिगाला तो ७.४ टक्के होतो, टेराला जवळपास १०.

म्हणून डिस्क घेताना हजाराचंच माप धरा, असं मी ठामपणे सांगेन. विंडोजवर दिसणाऱ्या जीबीला आधी १.०७४नं गुणा. ९५०चे १०२० होतात, म्हणजे १ टीबीत ते बसणारच नाहीत. मॅकवर गुणायची गरज नाही. रॅमला तर हा प्रश्नच नाही, ८ जीबी म्हणजे पुरते ८ गिबी. पण स्टुडिओत विंडोज आणि मॅक दोन्ही असतील, तर बॅकअपच्या वहीत सरळ बाइट लिहा. आकडा लांबलचक होतो, पण दोन्हीकडे तोच राहतो.

भाऊनं शेवटी २ टीबीची डिस्क नेली. विंडोजवर ती १.८१ टीबी दिसते.