‘२४’ दिसलं आणि गप्प बसलो: १४९००के म्हणून १२९००के गळ्यात मारला

इंटेलच्या आय९-१४९००के प्रोसेसरचे ४१,५०० रुपये मोजले आणि कूलरखाली निघाला आय९-१२९००के. दोन पिढ्या मागचा, तोही वापरलेला. पूर्ण मशीन १,१८,००० ला पडलं: २५,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले ९३,००० माल ट्रान्सपोर्टला टाकण्याआधी एनईएफटीने. जळगाव, भुसावळ, धुळ्यातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी आणि एडिटरांनी हे नीट वाचावं, कारण ‘तयार एडिटिंग मशीन’च्या नावाखाली हा माल खपवायला सर्वात सोपं गिऱ्हाईक तेच आहे.

मशीन सुरू केलं की सिस्टीमच्या पानावर ठळक १४९००के दिसायचं. विंडोज ते नाव रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) ‘प्रोसेसरनेमस्ट्रिंग’ या नोंदीतून उचलतं. दर बूटला ती नोंद खऱ्या चिपवरून नव्याने भरली जाते, म्हणून विक्रेत्याने टास्क शेड्युलरमध्ये (कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) स्क्रिप्ट बसवली होती. लॉगिन झालं की नाव बदललं. बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) पासवर्ड, कारण विचारलं तर ‘वॉरंटीसाठी’. कूलरच्या स्क्रूवर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’चं स्टिकर. बायोसला पासवर्ड घातलेलं मशीन घेऊच नका. घेतलं असेल तर प्लग काढून सीएमओएस क्लिअर करा (म्हणजे बोर्डावर साठवलेली बायोसची सेटिंग पुसा). डेस्कटॉपच्या बहुतेक बोर्डांवर पासवर्ड त्यानेच जातो आणि खरं नाव पहिल्याच स्क्रीनवर दिसतं.

आता जे दिसायलाच हवं होतं ते. पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजर उघडला होता. परफॉर्मन्स, सीपीयू. बेस स्पीड ३.२० गिगाहर्ट्झ, बरोबर. खाली २४ आकडा, तोही बरोबर. खिडकी बंद. पण तो २४ ‘लॉजिकल प्रोसेसर’समोर होता, ‘कोअर्स’समोर नाही. १४९००केला कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) २४ आणि थ्रेड (म्हणजेच लॉजिकल प्रोसेसर) ३२. १२९००केला कोअर १६ आणि थ्रेड २४. बेस स्पीड दोघांचा ३.२०च. चोराने चिप निवडतानाच हा हिशोब केलेला होता. आणि त्याच खिडकीत, बोटभर खाली, एल२ कॅश १४ एमबी आणि एल३ कॅश ३० एमबी लिहिलं होतं (कॅश म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी). १४९००केला ते ३२ आणि ३६ हवं. चार ओळी होत्या. त्यातली एक जरी नीट वाचली असती तर माल त्याच दिवशी परत गेला असता. ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

शंका आलीच नाही असं नाही. सिनेबेंच आर२३ला (प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत) स्कोअर २६,९०० आला. १४९००के २५३ वॉटवर ३५ हजारांच्या पुढे जातो हे माहीत होतं आणि विक्रेत्याला तसं स्पष्ट विचारलंही. त्याने दोन कारणं दिली आणि दोन्ही पटण्यासारखी होती. एक, जळगावचा मे महिना. बाहेर ४४ अंश असताना हा प्रोसेसर गरम होऊन स्पीड पाडतो. दुसरं, १३व्या-१४व्या पिढीतला व्होल्टेजचा दोष. तो दोष खरा आहे. जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडते, गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत बंद पडतात, झिप फाइल उघडताना एरर येते. इंटेलने २०२४च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. विक्रेता म्हणाला, ‘नव्या मायक्रोकोडने स्कोअर पडतो.’ इतका पडत नाही. शिवाय हा बदल येतो बायोस अपडेटमधून, आणि या मशीनच्या बायोसची तारीख होती २०२२. १४९००के बाजारात आला ऑक्टोबर २०२३ मध्ये! रन बॉक्समध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाकलं की ‘बायोस व्हर्जन/डेट’ समोर येते. आधी ती बघा.

सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चिपलाच विचारतं, रजिस्ट्रीला नाही. त्यात कोडनेम आलं ‘अल्डर लेक’; १४९००केला ‘रॅप्टर लेक’ येतं. मग मशीन दहा मिनिटं चालवून चिप आणि कूलरमधली पेस्ट गरम केली, वीज काढली, कूलर हलका फिरवत सोडवला आणि पेस्ट आयसोप्रोपिलने पुसली. चिपच्या झाकणावर स्वच्छ १२९००के, खाली इंटेलचा ओळख कोड एसआरएल४एच. १४९००केवर एसआरएन४८ असतं.

यानंतरचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘मशीन चालू आहे ना भाऊ? मग फसवणूक कसली?’ दोन प्रोसेसरमधला फरक तिघांना तीनदा समजावला. मग हद्द निघाली: विक्रेता बाहेरच्या शहरातला, तिकडे जा. नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे सांगितलं तर साहेब बाहेर गेलेत. चौथ्या चकरेला अर्ज घेतला, पोच दिली, आणि वर सल्ला दिला की आपसात मिटवा. बिल बघून म्हणाले, यात प्रोसेसरचं नाव कुठंय? ते मात्र खरं होतं. बिलावर फक्त ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’. मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका; व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन दाखवलं तर कोणी हातात घेत नाही.

पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. खात्यात पैसे अडले तर पहिल्या काही तासांतच अडतात. आणि रागाच्या भरात विंडोज फॉरमॅट मारू नका, ती स्क्रिप्ट हाच पुरावा आहे. डिस्क काढून बाजूला ठेवा.

ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. २०१९च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी’च्या त्या अटीतून वगळलेली आहे, हे अर्जातच लिहा. आमचा अर्ज तसा लिहून तयार आहे. सोबत टास्क मॅनेजरच्या त्या खिडकीचा फोटो लावलाय, चारही ओळींसकट.