9,800 रुपयांचा काळा रंग

परभणी ते लातूर हा आमचा ठरलेला फेरा. आप्पांच्या गुडघ्याचे डॉक्टर लातूरला, त्यामुळं दर दीड महिन्याला गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत जायचं. गाडी 2011 ची डिझेल डिझायर, सेकंडहँड घेतलेली, आता 1,70,000 किलोमीटर झालेली. मार्चपासून ती थरथरायला लागली. उभ्या गाडीत स्टेअरिंग हातात झिणझिणायचं, एसी लावला की डॅशबोर्ड खुळखुळायचा, आणि रिव्हर्स टाकून क्लच सोडला की बोनेटखालून धप्प. आप्पा म्हणाले, "माय, ही गाडी हाय का पिठाची गिरणी?"

शाळेतल्या एका सरांनी गॅरेज सुचवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही. मेकॅनिक बोलायला गोड. मी समोर उभी असताना सगळं आप्पांना समजावून सांगत होता, गाडी कोण चालवतं हे त्याला ठाऊक असूनही. पण त्याची तपासणी अगदी बरोबर होती, आणि मी फसले ती त्यामुळंच. त्यानं बोनेट उघडलं, मला ब्रेक दाबून पहिल्या गिअरवर क्लच अर्धा सोडायला सांगितला, मग रिव्हर्सवर तेच. इंजिन एकदा पुढं, एकदा मागं असं झुलत होतं की आप्पा दोन पावलं मागं सरकले. "तिन्ही फाउंडेशन गेलेत काका," तो म्हणाला. खरंच गेले होते.

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेले नसतात, लोखंडात बसवलेल्या जाड रबरावर टेकलेले असतात. माझ्या गाडीत असे तीन: उजवीकडं इंजिनचा, डावीकडं गिअरबॉक्सचा, आणि मागं खाली एक. वजन मुख्यतः बाजूच्या दोघांवर, आणि गिअर पडताना इंजिनला जो हिसका बसतो तो मागचा धरून ठेवतो. डिझेल ठिणगीनं पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं. दाब मोठा म्हणून धक्काही मोठा, आणि तो सगळा ह्या रबरांनी गिळायचा. उष्णतेनं, ऑइल लागून आणि वयानं रबर चिरतं, खाली बसतं. त्यात आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, की डांबराच्या लाटा होतात. तेरा वर्षांत फाउंडेशन जाणं म्हणजे काही अन्याय नव्हता.

हिशेब त्यानं तोंडीच सांगितला: माउंटिंग सेट 6,800, मजुरी 1,500, वर 18 टक्के जीएसटी. 9,794 झाले, त्याचे त्यानं 9,800 केले. मी म्हटलं, थांबते इथंच. तो म्हणाला, "मॅडम, बेचाळीस डिग्रीत कुठं थांबता? काकांना त्रास. चार वाजता फोन करतो." आप्पांकडं बघून मला पटलं. आम्ही रिक्षा करून घरी आलो.

चार वाजता गाडी मिळाली. इंजिन धुऊन चकचकीत, उजवीकडं नवंकोरं फाउंडेशन दिसत होतं, बाकीचे दोन त्यानं टॉर्च मारून लांबून दाखवले, तेही काळेभोर. चालवून बघितली, थरथर बरीच कमी. पैसे दिले. जुने पार्ट मागितले तर, "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला की." बिलावर एवढंच: माउंटिंग सेट 1. पार्ट नंबर नाही, कंपनी नाही. मी घडी घालून पर्समध्ये टाकलं.

जेमतेम तीन आठवडे गेले. लातूरला जाताना परळी सोडून घाट चढायला लागलो, तर गिअरचा दांडा हातात उड्या मारायला लागला. पहिल्यापेक्षा वाईट. आप्पांनी सीटचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. अंबाजोगाईत एका जुन्या मेकॅनिकपाशी थांबले. साठीचा माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. म्हटलं, फाउंडेशन नवे आहेत, दुसरं काहीतरी बघा. कोणास ठाऊक, इंजेक्टर असेल, क्लच असेल.

त्यानं हात घातला, बोट काळं झालं ते मला दाखवलं. "ताई, नव्या रबराला रंग कशाला देतील?" मग स्क्रू ड्रायव्हरनं गिअरबॉक्सच्या फाउंडेशनवर ओरखडा काढला. रंगाची पापडी निघाली, खाली गंज आणि तेलकट माती. रबर टॉमीच्या लोखंडी दांड्यानं जरा ताणलं तर रंगाला भेगा पडल्या आणि आतली जुनी चीर उघडी झाली. "आन् हे बोल्ट बघा. पान्याची एक खूण नाही. तेरा वर्षांचा मळ जसाच्या तसा." ओतीव भागावर साच्यातच उमटलेला एक बारका गोल होता, महिन्यांचे आकडे, मध्ये बाण, आणि 11. गाडीबरोबरच जन्मलेलं ते फाउंडेशन. मागच्याचीही तीच गत. उजवीकडचं तेवढं नवं, पण डुप्लिकेट, टायरसारखं कडक रबर. एक कडक आणि दोन फाटके, म्हणून आधीपेक्षा जास्त उडत होतं.

मला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. तो म्हणाला, "गिअरबॉक्सचं फाउंडेशन बॅटरीच्या खाली आहे. बॅटरी काढल्याशिवाय मी तरी ते बदलू शकत नाही. ताई, त्या दिवशी घड्याळ लावावं लागलं होतं का?" लागलं नव्हतं. बॅटरीची वायर काढली की माझ्या गाडीतलं घड्याळ शून्यावर येतं, ट्रिप मीटरही. आमचं घड्याळ कायम चार मिनिटं पुढं असतं, शाळेला उशीर नको म्हणून मीच ठेवलेलं. चार वाजता गाडी हातात आली तेव्हाही ते चार मिनिटं पुढंच होतं. घरी येईपर्यंत मी ते तीनदा बघितलं असेल. दिसत होतं, कळलं नाही.

दोन अस्सल फाउंडेशन लातूरहून मागवावे लागले. डॉक्टरांची वेळ चुकली, आप्पांचा मुक्काम अंबाजोगाईत माझ्या नणंदेकडं झाला, तिथं त्यांनी ही कथा रंगवून चार घरी सांगितली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं मला शेजारी स्टूल देऊन काम केलं. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला, एक-एक फाउंडेशन सोडलं, सगळे बोल्ट आधी सैल बसवले, इंजिन जरा हलवून जागेवर बसू दिलं, मगच आवळले. खोक्यावरचं एमआरपी आणि पार्ट नंबरचं लेबल फाडून बिलाला टाचलं. जुने दोन्ही पेपरात गुंडाळून डिकीत ठेवले. जाताना म्हणाला, पुन्हा कुठं काम टाकलंत तर आधी जुन्या पार्टवर लेकीच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, आडबाजूला, आणि फोटो काढा. मी आता क्लच प्लेटपासून वायपरपर्यंत सगळ्याला ठिपके देते. पोरगी वैतागलीय.

परत येऊन ते बिल नीट वाचलं. वर छापलेला नंबर 11 आकड्यांचा, शेवटी व्ही. हा व्हॅटच्या काळातला नंबर! व्हॅट जाऊन जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, आणि जीएसटीचा नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो, सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. म्हणजे माझ्याकडून घेतलेला 18 टक्के कर त्याच्याच खिशात. गणित शिकवते मी, आणि आकडे मोजले नाहीत.

गॅरेजवर गेले तेव्हा जुने फाउंडेशन पिशवीत होते. आधी तो म्हणाला, हे माझ्याकडचे कशावरून? बोल्टचे, रंगाचे आणि तारखेच्या गोलाचे फोटो दाखवले. मग, "पोरानं घोळ केला असंल मॅडम, मी लग्नाला गेलतो." मग, पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये ऍडजस्ट करू. ह्या वेळी मात्र तो माझ्याकडं बघून बोलत होता. मी सांगितलं, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, मला घाई नाही. बिलाचा नंबर कसला आहे तेही सांगितलं. त्यावर तो पाणी आणायला आत गेला.

संध्याकाळी मोबाइलवर 3,000 आले. आठ दिवसांनी आणखी 2,000. उरलेले पोळ्याला देतो म्हणाला. पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या, परवा दसरा. अर्ज लिहून ठेवलाय, फोटोंच्या प्रिंट काढायच्या राहिल्यात.