दादरचं फिजिओथेरपी क्लिनिक: माझा अनुभव

पाठदुखीसाठी कण्याजवळ स्टिम्युलेटर (विजेच्या सौम्य लहरींनी दुखणं कमी करणारं यंत्र) बसवला, त्यानंतर वजन 94 किलोवर गेलं. कमरेवर चरबी वाढली, त्वचेखालची त्याची बॅटरी खोल गेली आणि बाहेरून चार्जिंग करायचा पट्टा तिच्याशी जुळेचना. रोज रात्री तासभर तो इकडेतिकडे सरकवत बसायचे. आधीच्या ठिकाणी "वजन कमी करा" एवढंच ऐकवलं. दुखत असताना चालायचं कसं, हे कुणी विचारलंच नाही! इथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी चार्जर घेऊन बोलावलं, बोटांनी बॅटरीची कड चाचपून पाहिली. मग खुर्चीत बसून करायचे व्यायाम, शिवाजी पार्कला सुरुवातीला अर्धीच फेरी. भाकरी चालू, संध्याकाळचा वडापाव बंद. सात महिन्यांत 9 किलो उतरले. पट्टा आता पटकन जुळतो. फक्त जिना फार उभा आहे, लिफ्ट नाही. दुखणाईत माणसांसाठी तेवढं बघाच.